एम.ए.च्या प्रकल्पात विद्यार्थ्याला स्वतःचं लिहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदव्युत्तर वर्गांचे प्रवेश सुरू झाले आहेत. येत्या काही आठवड्यांत ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल भागातली मुलंमुली मराठी विषय घेऊन एम.ए.च्या वर्गात येऊन बसतील. त्यांतल्या पुष्कळांना लिहायचं असतं. "मराठीच का घेतलंस?" असं विचारलं की पहिल्या दिवशी हमखास उत्तर येतं, "मॅडम, मी कविता करते", "मला कादंबरी लिहायचीय". दोन वर्षांनी हीच मुलं काळ्या बाइंडिंगचा, सोनेरी अक्षरांचा एक प्रबंध जमा करून बाहेर पडतात आणि त्यात त्यांनी स्वतः रचलेलं एक पानही नसतं. ज्या विद्यार्थ्याला हवं असेल, त्याला दुसऱ्या वर्षाचा सगळा प्रकल्प स्वतःच्या एका दीर्घ लेखनासाठी वापरता यावा, ही मागणी करायला हे पत्र लिहीत आहे.

मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. प्रकल्पाचे विद्यार्थी दरवर्षी माझ्या वाट्याला येतात. इथे जे मांडते आहे ते वर्गात, ग्रंथालयात आणि तोंडी परीक्षेच्या खोलीत पाहिलेलं आहे.

आधी वेळेचा हिशोब सांगते, कारण "एवढा वेळ कुठे आहे?" हा आक्षेप सर्वांत आधी येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४पासून राज्यात एम.ए.ची रचना बदलली. दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटांपैकी संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याने ३० तास काम करावं असं धरलेलं असतं. म्हणजे दहा क्रेडिटांचे ३०० तास झाले. सणवार आणि परीक्षेचे दिवस वगळले तरी जुलैपासून एप्रिलपर्यंत रोज तास-सव्वा तास भरतो. एवढ्या वेळात एखादी लघुकादंबरी, दोन अंकी नाटक, एकाच सूत्राला धरून लिहिलेली कवितांची वही किंवा एखाद्या वस्तीचं ललित अंगाने लिहिलेलं चरित्र नक्की उभं राहतं. पहिला खर्डा, त्याची मोडतोड, दुसरा खर्डा, हे सगळं त्यात बसतं.

आज हे तास जातात कुठे? तिसऱ्या सत्रात एक विषय, चौथ्यात दुसराच, आणि मधल्या काळात गाईड बदललेले. विषय बहुधा "अमुक लेखकाच्या कथांतील स्त्रीचित्रण" या साच्यातला. ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस, मग गणपती, मग दिवाळी, आणि सबमिशनच्या आधीच्या पंधरवड्यात सगळी धावपळ. चार संदर्भग्रंथांतले उतारे, प्रस्तावना, उपसंहार, परिशिष्ट, बाइंडिंग. समीक्षेबद्दल माझा आकस नाही, माझी पीएच.डी. समीक्षेतलीच आहे. ज्याला समीक्षा करायची आहे त्याने ती मन लावून करावी, आणि अशी मुलंही मला भेटली आहेत. पण जिच्या डोक्यात बारावीपासून एक गोष्ट घोळते आहे, तिलाही त्याच साच्यात बसवायचं आणि शेवटी उतरवून काढलेली साठ पानं तिच्याकडून घ्यायची, यात कोणाचं भलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मागे एका महाविद्यालयात विभागप्रमुखांनी नियमाचा थोडा उदार अर्थ लावला. स्वतःचं लेखन आणि त्यासोबत त्या लेखनाची चिकित्सा, असा विषय त्यांनी मान्य केला. त्यामुळे एका विद्यार्थिनीबरोबर मला पूर्ण वर्षभर काम करता आलं. तिला विचारूनच हे लिहिते आहे, नाव देत नाही. ती घणसोलीला राहते. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, मूळ गाव पाटण तालुक्यात. आजोबाही हेच काम करायचे, पण मुंबईच्या जुन्या बाजारात. बाजार वाशीला हलला तसं त्यांचं बिऱ्हाडही खाडीच्या अलीकडे आलं. तिला या तीन पिढ्यांची कादंबरी लिहायची होती.

तिने पहिल्यांदा आणलेली पानं मी घरी नेऊन वाचली. "क्षितिजावर तांबूस आभा पसरली होती" अशी सुरुवात. पुढे कष्टकऱ्यांचा घाम, धरतीमाता, काळ्या ढगांना असलेली रुपेरी कडा. शाळेपासून ज्या निबंधांना बक्षिसं मिळाली, त्या निबंधांची ती भाषा होती. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती आणि बाजारही कुठे नव्हता. मी तिला विचारलं, "बाबा कामावरून आले की आधी काय करतात?" ती म्हणाली, "हूक दाराच्या मागच्या खिळ्याला अडकवतात. लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची बंदी होती. मग मोरीत जाऊन मान आणि खांदा चोळून चोळून धुतात. कांद्याची टरफलं बनियनच्या आत जाऊन चिकटलेली असतात." मी म्हटलं, "यातलं तुझ्या पानांत काय आहे?" ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या खेपेला तिने जे आणलं त्याची सुरुवात त्या खिळ्यापासून होती. भिंतीला रंग काढताना वडिलांनी तो खिळा काढू दिला नव्हता, हे मला त्या पानावरून कळलं.

हे एका बैठकीत झालं, पण पुढचं तसं झालं नाही. डिसेंबरात ती अडकली. ज्यांनी कधी दीर्घ लेखन केलं आहे त्यांना हा मधला अडथळा ठाऊक आहे. सुरुवातीचा उत्साह सरलेला असतो, शेवट दिसत नसतो, आणि आधी लिहिलेलं सगळं खोटं वाटायला लागतं. तिची अडचण साधी होती. वडील घरी आल्यानंतरचं तिला माहीत होतं, ते जिथून येतात तिथलं काहीच माहीत नव्हतं. मग एका पहाटे ती वडिलांबरोबर मार्केटला गेली आणि एका ओळखीच्या गाळ्याच्या पायरीवर वही घेऊन बसली. ट्रक लागतो तेव्हा टोळीत कोण कुठे उभं राहतं, माथाडी, तोलणार, मापाडी, वारणार यांच्या कामांत काय फरक असतो, ५० किलोंच्या वरच्या गोणीवरून वाद कसे होतात, हे तिने तिथे बघितलं. जो बाप घरात चार वाक्यं बोलत नाही तो टोळीत केवढा बोलतो आणि हसवतो, हेही तिला तिथे पहिल्यांदा दिसलं. कादंबरीतलं वडिलांचं पात्र त्यानंतर सगळंच बदललं.

आजोबांच्या भागासाठी तिने १९६९चा माथाडी कायदा वाचला. त्या कायद्याने माथाडी मंडळं आली, मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि कामगाराला ती मंडळाकडून मिळायची, सोबत भविष्य निर्वाह निधीसारख्या सोयी, अशी रीत बसली. आजोबा आयुष्याचे "कार्डाच्या आधी" आणि "कार्डाच्या नंतर" (म्हणजे मंडळाच्या नोंदणीच्या आधी आणि नंतर) असे दोन भाग का करतात, हे तिला ते कायद्याचं रूक्ष पुस्तक वाचताना उमगलं. या उमगण्यातून एक अख्खं प्रकरण आलं. कायदा, बाजार, स्थलांतर, बोली यांचा असा शोध घेणारी मुलगी संशोधन करत नव्हती, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी ती वही एकदा पाहावी.

बोलीचा प्रश्न वेगळाच होता. संवाद पाटणकडच्या बोलीत आणि निवेदन पुस्तकी मराठीत, असं तिने आधी केलं होतं. वाचून दाखवताना तिलाच ते टोचायला लागलं. आपण खुर्चीवर बसून आपल्याच माणसांबद्दल बोलतोय असं वाटतं, असं ती म्हणाली. मोबाईलवर टाइप करताना कीबोर्ड "व्हतं"चं "होतं" करून टाकायचा, "आन्" सुधारून "आणि" लिहायचा. शेवटी तिने त्या सूचना बंद केल्या आणि निवेदनही बोलीच्या जवळ आणत सगळा मजकूर नव्याने लिहिला. हा निर्णय मार्चमध्ये झाला. प्रकल्प एकाच सत्राचा असता, तर तिच्याकडे हा मार्च नसता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "यात संशोधन कुठे आहे?" तिने ती वही पुढे ठेवली. मार्केटमधल्या शब्दांची यादी, कोणाशी काय बोलणं झालं त्याच्या नोंदी, पहिल्या पानाचे निरनिराळे खर्डे, खोडलेलं का खोडलं त्याची कारणं. सर बराच वेळ पानं उलटत राहिले. नंतरचे प्रश्न खर्ड्यांवरचेच होते, आणि चांगले होते. कादंबरीतली तिसरी पिढी, म्हणजे तिची स्वतःची, अजून कच्ची आहे हे त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. ते खरंच होतं. ती आता नोकरी करत त्या भागावर काम करते आहे.

दुसरी हकीकत अशी संपलेली नाही. दिव्याहून येणारा एक विद्यार्थी, अर्धवेळ नोकरी करणारा. त्याच्याकडे आधीच्या तीन-चार वर्षांत लिहिलेल्या पुष्कळ कविता होत्या. पाऊस, आई, प्रेम, शेतकरी, सगळं होतं. त्या एकत्र बांधून प्रकल्प म्हणून द्याव्यात असं त्याच्या मनात होतं. मी त्याला म्हटलं, "या कविता झालेल्या आहेत. आता वर्षभर एकाच गोष्टीपाशी थांबून लिहिशील का?" त्याने ठाण्याची खाडी निवडली. त्याच्या आईकडची माणसं पूर्वी रेतीच्या बोटींवर काम करणारी. मामा बुडी मारून बादलीने रेती काढायचा. २०२२मध्ये ठाणे खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं, आज लोक तिथे फ्लेमिंगो बघायला जातात, आणि त्याच पाण्यात मामाचे कान कायमचे अधू झाले. एकाच खाडीची ही दोन चित्रं शेजारी ठेवून तो लिहायला लागला होता. तिसऱ्या सत्रात झालेल्या कविता पूर्वीच्या कवितांपेक्षा कितीतरी आखूड आणि घट्ट होत्या. "पाण्यात गेल्यावर मामाला ऐकू यायचं, वर आल्यावर नाही" अशा अर्थाची एक ओळ त्याने केली होती, ती मी विसरलेले नाही.

डिसेंबरात माझी तिथली नेमणूक संपली. चौथ्या सत्रात त्याला दुसरे गाईड मिळाले. त्यांनी सांगितलं, कविता वगैरे चालणार नाही, समीक्षेचा विषय घे. त्याने घेतला आणि पासही झाला. खाडीच्या कविता तशाच राहिल्या.

तासिका तत्त्वाबद्दल वर्तमानपत्रांत पगाराच्या अंगाने बरंच येतं आणि ते यायलाच हवं. मी इथे त्याची दुसरी बाजू सांगते. दीर्घ लेखन करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर एकच वाचक लागतो. सप्टेंबरमधलं पान ज्याने वाचलं, त्यालाच फेब्रुवारीतल्या पानात काय सुधारलं ते दिसतं. नेमणुका उशिरा होतात, सत्राबरोबर संपतात, पुढच्या वेळी पुन्हा मुलाखत. जिथे मी शिकवलं तिथे बहुतेक ठिकाणी प्रकल्पाच्या मार्गदर्शनाचे तास मोजलेच जात नव्हते, फक्त वर्गातली तासिका मोजली जायची. माझ्यासारखे शिक्षक तरीही लोकलमध्ये उभ्याने विद्यार्थ्यांची पानं वाचतात. पण विद्यापीठाचा एक महत्त्वाचा उपक्रम कुणाच्या चांगुलपणावर चालवू नये. प्रकल्पाचं मार्गदर्शन कामाच्या तासांत धरा आणि निदान प्रकल्पापुरता तरी मार्गदर्शक दोन्ही सत्रांना तोच ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आमचे बरेच विद्यार्थी हाताने लिहितात आणि स्टेशनजवळच्या डीटीपीच्या दुकानातून टाइप करून घेतात. पानामागे पैसे, दुरुस्तीचे वेगळे. दुकानातला फाँट जुना असला तर ती फाइल मोबाईलवर उघडतच नाही, उघडली तर जोडाक्षरं फुटलेली. साहजिकच, एकदा टाइप झालेलं पान कोणी बदलत नाही. दुसरा खर्डा काढणं परवडत नाही म्हणून तो निघत नाही, आणि दुसऱ्या खर्ड्याशिवाय लेखन पुढे सरकत नाही. पहिल्याच महिन्यात दोन तास देऊन सगळ्यांना युनिकोडमध्ये टाइप करायला शिकवलं, की ही अडचण बरीचशी सुटते. मी आता तेच करते. मोबाईलवर दिव्याच्या गाडीत उभ्या-उभ्या दुरुस्त्या करणारी मुलं मी पाहिली आहेत.

"लेखन का शिकवून येतं?" असं मला माझे सहकारीच विचारतात. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये स्थापन झालं, आणि सर जे. जे. कला महाविद्यालयही त्याच वर्षी सुरू झालं. तिथे चित्र काढायला शिकणारा विद्यार्थी परीक्षेला स्वतःची चित्रं ठेवतो. त्याने दुसऱ्या चित्रकाराबद्दल लिहिलेला निबंधच तेवढा द्यावा, असं तिथे कोणी म्हटलं नाही. त्याला शिक्षक आहेत, स्टुडिओ आहे, शेजारी काम करणारे सोबती आहेत. प्रतिभा शिकवता येत नाही हे चित्रकलेलाही लागू आहे, तरी शिक्षण चालतं. त्याच शहरात भाषेच्या विद्यार्थ्याला मात्र आपण इतकी वर्षं प्रेक्षकांतच बसवलं.

बाहेर हे कधीच मान्य झालं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने पदव्युत्तर पदवीसाठी सर्जनशील लेखन प्रबंध म्हणून स्वीकारायचं १९२२मध्येच जाहीर केलं, आणि तिथली लेखन कार्यशाळा १९३६पासून चालू आहे. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७०मध्ये सर्जनशील लेखनाचं एम.ए. सुरू केलं. साहित्यकृती आणि तिच्यासोबत लेखकाचं चिकित्सक टिपण, ही रीत त्यानंतर तिकडे अनेक विद्यापीठांनी घेतली. आपल्याकडे इग्नूचा सर्जनशील लेखनाचा पदविका अभ्यासक्रम कित्येक वर्षं आहे. मराठीतून एम.ए. करणाऱ्या मुलामुलीला ही सोय वर्गातच मिळावी, त्यासाठी वेगळी पदवी काढायचीही गरज नाही. आहेत त्या दहा क्रेडिटांत हे बसतं.

मराठीत दीर्घकाळ लेखकाच्या पाठीशी उभं राहण्याची परंपराही आहे, ती विद्यापीठाबाहेर होती इतकंच. गिरगावातल्या खटाववाडीत 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नवोदितांच्या हस्तलिखितांवर सविस्तर पत्रं लिहिली, कथा परत पाठवून पुन्हा लिहून घेतल्या. 'सत्यकथा' १९८२मध्ये बंद झालं. त्या तऱ्हेने हस्तलिखित वाचणारे संपादक आज फार थोडे उरले आहेत, आणि घणसोलीच्या मुलीला ते ठाऊक असण्याचा संभव नाही. दिवाळी अंक कथा मागतात, पण तयार कथा मागतात. तयार होण्याआधीच्या वर्षभरात लिहिणाऱ्याने कोणाकडे जायचं? त्याच्याकडे कॉलेजचं ओळखपत्र असतं, गाईड असतात, ग्रंथालय असतं. ते काम तिथेच व्हायला हवं.

मोबाईलला सांगितलं की दोन मिनिटांत कथा लिहून मिळते, मग मूळ लेखन कोणाचं हे कसं ओळखायचं, अशी शंका आता नव्याने येते. ही शंका रास्त आहे. पण शेवटच्या दिवशी फक्त बांधलेली प्रत पाहिली, तर समीक्षेच्या प्रबंधातही हीच अडचण आहे, किंबहुना जास्त. वर्षभर खर्डे पाहिले, दर पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याला समोर बसवून पान वाचून घेतलं, खिळा का आला आणि तांबूस आभा का गेली हे त्याला सांगावं लागलं, तर परक्याचं लेखन पचत नाही. म्हणून गुणांची वाटणी बदलावी असं मला वाटतं. निम्मे गुण कृतीला, आणि उरलेले निम्मे खर्डे, नोंदवही, चिकित्सक टिपण आणि तोंडी परीक्षा यांना. सुरुवातीला फक्त एका पानाचा आराखडा मागावा. मला काय लिहायचं आहे, ते मीच का लिहावं, आणि त्यातलं काय मला अजून माहीत नाही, एवढं त्यात असलं की पुरे. तिसऱ्या सत्राच्या शेवटी पहिला खर्डा, अपुरा असला तरी, जमा व्हावा आणि चौथ्या सत्रात विषय बदलायची सक्ती नसावी. प्रत्येक कृती पूर्ण झालीच पाहिजे असा आग्रहही नको. कादंबरीची तीन प्रकरणं नीट लिहून पुढचा आराखडा देणाऱ्याला पूर्ण गुण मिळू शकले पाहिजेत, नाहीतर घाईत शेवट गुंडाळलेल्या कादंबऱ्या आमच्याकडे येतील. कृतीतल्या माणसांची संमती हाही भाग शिकवायला हवा. आपल्या मामाच्या कानांबद्दल लिहिताना मामाला विचारावं लागतं.

वाचकांची सोबतही लागते. गाईडने वाचणं वेगळं आणि चार बरोबरीच्यांनी वाचणं वेगळं. प्रकल्पाला अशी पाच-सहा मुलं एकत्र आली, की महिन्यातून एकदा एकमेकांचं वाचावं. सुरुवातीला सगळे "छान आहे, मनाला भिडलं" एवढंच म्हणतात. मग मी सांगते की आधी लेखकाने गप्प बसायचं, ऐकणाऱ्यांनी त्यांना कुठलं दृश्य आठवतंय ते सांगायचं आणि कुठे लक्ष उडालं तेही सांगायचं. दोन-तीन बैठकांत मुलं फार नेमकं बोलू लागतात. माथाडीच्या मुलीला "आजीचं पात्र फक्त चहा करतंय" हे मी सांगितलं नव्हतं, तिच्या शेजारी बसणाऱ्या उलव्याच्या मुलाने सांगितलं.

याला जागा लागते आणि ती कॉलेजात संध्याकाळनंतर मिळत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासूनचं. वाशीला साहित्य मंदिर आहे. विद्यापीठाचा ठाण्याचा उपपरिसर बाळकुमला आहे. ठाण्यात २०१०मध्ये ८४वं साहित्य संमेलन झालं तेव्हा या शहरात वाचणारी माणसं किती आहेत ते सगळ्यांनी पाहिलं. जानेवारीत भाषा संवर्धनाचा पंधरवडा येतो, २७ फेब्रुवारीला गौरव दिन. त्या दिवसांत आमच्या विद्यार्थ्यांना ग्रंथदिंडीला आणि घोषवाक्य स्पर्धेला नेलं जातं, नेमकं तेव्हा त्यांचे खर्डे अडकलेले असतात. त्यांतली एक संध्याकाळ या मुलांच्या अपुऱ्या लेखनाच्या वाचनाला द्यावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. त्यामुळे जुन्या ग्रंथांवर काम होईल, व्हावंच. आज लिहिलं जाणारं मराठीही त्याच भाषेचं आहे आणि ते लिहिणारे आमच्या वर्गात बसलेले आहेत.

विद्यापीठाच्या मराठी अभ्यास मंडळातल्या सदस्यांना माझी विनंती आहे की प्रकल्पाच्या नियमावलीत "स्वतंत्र साहित्यकृती आणि तिची चिकित्सा" हा पर्याय स्पष्ट शब्दांत घालावा. तो विभागप्रमुखांच्या मर्जीवर राहू नये. जी महाविद्यालयं हे आधीच करत असतील त्यांनी आपली पद्धत या सदरातून कळवावी, आम्हाला त्यातून शिकता येईल. आणि ठाणे-नवी मुंबईत राहणारे निवृत्त संपादक, मुद्रितशोधक, लेखक, नाटकवाले यांच्यापैकी कोणाला महिन्यातून एक संध्याकाळ देऊन या मुलांची पानं वाचायला आवडेल, त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे नाव कळवावं. आपण ती नावं माझ्यापर्यंत पोहोचवलीत तर दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीला मी त्यांना बोलावीन. तोवर या वर्षीच्या मुलांचे पहिले खर्डे आलेले असतील.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका, कोपरखैरणे
(नोकरीच्या कारणास्तव नाव छापू नये, ही विनंती.)